मालक बदलला, दावा तसाच: वादपत्र दुरुस्त करावं की नवा दावा लावावा?

6 जून 2005 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या जागी सूत्रधारी कंपनी (बाकीच्या तिघींची मालकी असलेली), महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा चार कंपन्या आल्या. मंडळाविरुद्ध बडतर्फीचे, थकीत पगाराचे दावे ज्यांनी लावले होते, त्यांना आता प्रतिवादी कोण हे ठरवावं लागलं. सरकारी संस्था मोडून नवी झाली की ही वेळ येतेच.

आधी तारखा पाहा. दावा चालू असताना मालक बदलला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 22, नियम 10 ही सर्वांत निर्धोक वाट. कोर्टाची परवानगी घ्यायची आणि तोच दावा नव्या संस्थेविरुद्ध पुढे चालवायचा. मोठा फायदा दावा लावण्याच्या मुदतीचा आहे. एरवी नवा प्रतिवादी ज्या दिवशी सामील होतो, त्याच दिवशी त्याच्याविरुद्ध दावा लागला असं मुदत कायद्याचं कलम 21 मानतं. पण दाव्यादरम्यान हितसंबंध दुसऱ्याकडे गेल्यामुळे तो आला असेल, तर हा नियम लागू होत नाही. संस्था बदलल्यानंतर जुन्याच नावाने दावा लावला असेल, तर मात्र आदेश 1, नियम 10 खाली अर्ज करून चूक प्रामाणिकपणे झाली हे कोर्टाला पटवावं लागतं.

नुसतं नाव बदलून भागत नाही. जबाबदारी नव्या संस्थेवर कशी आली याचा परिच्छेद वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जात हवा, मागणीही तिच्याविरुद्ध हवी. त्यासाठी आदेश 6, नियम 17 चा दुरुस्ती अर्ज सोबतच द्या. सुनावणी सुरू झाल्यावर हा अर्ज अडतो, कारण योग्य ती दक्षता घेऊनही आधी हे मांडता आलं नसतं हे दाखवावं लागतं. शिवाय परवानगी मिळाल्यावर कोर्टाने दिलेल्या वेळेत, वेळ दिली नसेल तर 14 दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष करून घ्यावी लागते. अर्ज मंजूर झाल्याच्या आनंदात हे हमखास राहून जातं.

नवा दावा कागदावर स्वच्छ दिसतो, पण मला तो बहुतेकदा महागात पडणारा वाटतो. बडतर्फी बेकायदा ठरवून घ्यायला मुदत 3 वर्षांची. परवानगीने जुना दावा मागे घेतला, तरी आदेश 23, नियम 2 नुसार मुदत मोजताना तो जणू लावलाच नव्हता असं धरतात. आधीच्या दाव्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळण्याची मुदत कायद्याच्या कलम 14 ची सवलत अधिकारक्षेत्रासारख्या दोषापुरतीच. नव्या कंपनीने स्वतः नवा आदेश काढून नुकसान केलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दाव्याचं कारणच नवं आहे. महाराष्ट्रातल्या अनुचित कामगार प्रथांच्या तक्रारीला तर फक्त 90 दिवस असतात.

प्रत्येक नवी संस्था मालक असतेच असंही नाही. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळाच्या 7 कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी, भंडारा, अंबाझरीचे कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारने कंपनीत तात्पुरते पाठवलेत असं मानून, गेले आणि केंद्र सरकारचेच नोकर राहिले. तिथे भारत सरकारला वगळून फक्त कंपनीला ओढणं म्हणजे खऱ्या मालकालाच सोडून देणं.

वीज मंडळाच्या बाबतीत नेमणूक वीजकेंद्रात होती, पारेषण वाहिनीवर की वितरण उपविभागात, यावरून कंपनी ठरवायला मदत होते. विभाजनाआधीच बडतर्फ झालेला माणूस कोणत्या कंपनीच्या वाट्याला आला, हा वाद उरतोच. अशा वेळी हस्तांतरण योजनेची अधिसूचना जोडून सूत्रधारी कंपनीसह संबंधित सगळ्यांना सामील करा आणि मागणी पर्यायी ठेवा, म्हणजे ही कंपनी नाही तर ती जबाबदार अशी.