कारटेपमध्ये पाणी गेलंय? शंभर फुटी रोडला एकदा दाखवून बघा

सांगलीत शंभर फुटी रोडला कार डेकोरची दुकानं ढीगभर आहेत पण टेप बोर्डापर्यंत खोलून बसणारा माणूस एखादाच गावतो, त्यातल्या एकाबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही कारण मालकच म्हटला दादा नाव नका टाकू, आधीच कामं तुंबल्यात. आतल्या अंगाला छोटं शटर आहे, बाहेर उघडे स्पीकर पडलेले दिसतात.

आमची गाडी जुनी हॅचबॅक, टचस्क्रीनवाला टेप. पाऊस झाला की स्क्रीनचा डावा अर्धा भाग दाबला तरी ढिम्म, रिव्हर्स कॅमेरा काळा, आणि रात्री गाडी लॉक असताना आपोआप लाईट लागायची. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर न उघडताच सांगितलं पूर्ण युनिट बदला, 28 हजार, वर लगेच विचारलं पुरातली गाडी का? सांगली पासिंग बघितलं की बाहेरचा कुणीही हेच विचारतो. अहो, 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हासुद्धा गाडी विश्रामबागेत कोरडी उभी होती!

इथल्या माणसानं पहिलं काम काय केलं तर बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. म्हटला चावी काढली तरी टेपच्या पिवळ्या वायरला 12 व्होल्ट कायम असतात, मेमरीसाठी. ओल असताना करंट चालू राहिला की बोर्डावरचं तांबं खाल्लं जातं, नुसत्या पाण्यानं एवढं होत नाही. म्हणजे चालू ठेवा गरम होऊन वाळेल असं जे सगळे सांगत असतात ते उलटं आहे, आणि टेप तांदळाच्या डब्यात घालून तर काहीच होत नाही, आत साचलेली हिरवी-पांढरी बुरशी (म्हणजे धातूला चढलेला गंज) तांदूळ थोडीच काढणार. ती बुरशी त्यानं समोर दाखवली, मागच्या कनेक्टरच्या पिनांवर. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, हलका ब्लोअर, भिंगातून एकेक जोड तपासला. एक रेग्युलेटर आयसी (व्होल्टेज सांभाळणारी चिप) आणि टचची काच बदलली, बाकी बोर्ड वाचला.

पण मी खरे मार्क देतो ते पुढच्या गोष्टीला. साफ केलेला टेप त्यानं लगेच बसवलाच नाही. छतावर पाईपनं पाणी सोडलं आणि ए पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं, कव्हर काढून बघत बसला (आमच्यात तिथं बसणारी कर्टन एअरबॅग नाही हे आधी विचारून घेतलं, असती तर अशी खोलली नसती म्हटला). थोड्या वेळात अँटेनाच्या वायरवरून थेंब खाली यायला लागले! अँटेनाच्या बुडाचं रबर तडकलेलं, तिथून पाणी वायर धरून सरळ टेपच्या पाठीत. एफएम वर्षभर खरखरत होता ते यामुळंच, आम्ही उगाच स्टेशनला नावं ठेवत होतो. रबर नवीन टाकलं आणि वायरला टेपच्या अलीकडं खाली झोळ दिला, पुन्हा गळलं तरी पाणी झोळातूनच टपकून जाईल. नुसता नवीन टेप टाकला असता तर पुढच्या जूनमध्ये तोही गेला असता. सगळे मिळून 4200 झाले.

आता तक्रारी. फोन उचलत नाही म्हणजे नाहीच. उद्या या म्हटला की परवाच्या पुढचं धरा. बिल वहीच्या कागदावर, गॅरंटी तोंडी, तीपण बदललेल्या पार्टचीच, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात निळसर डाग राहिलाय तो राहिलाच, काचेमागचं डिस्प्ले पॅनेल बदलायचं तर नवीन टेपच घ्या असं सरळ बोलतो. पुरात बुडालेली गाडी असेल तर आधीच हात जोडतो, गाळ बारीक फटीत बसतो, आज चालला तरी दोन महिन्यांनी बंद पडेल म्हणतो. हे मला तरी पटलं, खोटी आशा लावून पैसे काढत नाही.

इन्शुरन्सचा क्लेम करणार असाल तर कंपनीचा सर्वेअर (नुकसान तपासणारा) बघून जाईपर्यंत इथं टेप उघडायला देऊ नका. आणि टेप बाहेरून बसवलेला असेल तर पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून वेगळा लावलाय का ते बघा, नसेल तर त्याचे पैसे मिळणं अवघड.

जायचं तर दुपारी दोनच्या आत जा, एकदा जेवायला गेला की चारशिवाय शटर वर होत नाही.