'आमच्यात असंच चालतं' असं ऐकल्यावर कोणतं माप लावायचं?

मुख्याध्यापक, डॉक्टर, संस्थेतले कार्यकर्ते, सोसायटीची कमिटी, अशा प्रत्येकापुढे "आमच्यात असंच चालतं" हे वाक्य कधी ना कधी येतंच. तेव्हा हाताशी दोन मापं असतात. सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतो, बरं-वाईट त्या त्या समाजाच्या चौकटीत ठरतं, बाहेरच्यानं निवाडा करू नये. सार्वत्रिकतावाद म्हणतो, रीत काहीही असो, काही गोष्टी माणूस म्हणून प्रत्येकाला मिळायलाच हव्यात. (तिसरं माप व्यक्तिगत सापेक्षतावादाचं, म्हणजे 'ज्याला जे पटेल ते बरोबर'. निर्णय देणाऱ्याला ते निरुपयोगी आहे, कारण वाद असला की दोघंही बरोबर ठरतात आणि फाइल जागची हलत नाही.)

सापेक्षतावाद कुठे कामाला येतो

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सांगितलेला किस्सा अडीच हजार वर्षं जुना आहे. इराणचा राजा दारियस यानं ग्रीकांना विचारलं, काय घेतलंत तर बापाचं प्रेत खाल? ते म्हणाले, काहीही दिलं तरी नाही. मग आईवडिलांचं प्रेत खाण्याची रीत असलेल्या भारतीय टोळीला विचारलं, काय घेतलंत तर प्रेत जाळाल? त्यांनी असलं अभद्र बोलू नका म्हणून आकांत केला. मुंबईकराला हे कळायला हेरोडोटसही लागत नाही. पारशांची डुंगरवाडी, हिंदूंचं चंदनवाडी स्मशान आणि मरीन लाइन्सचं मुसलमानांचं बडा कबरस्तान एकमेकांपासून फार लांब नाहीत. तिन्हीकडे मृताचा मानच राखला जातो, फक्त पद्धत वेगळी.

सापेक्षतावादाचा खरा फायदा हाच की तो घाई थांबवतो. 'हे विचित्र आहे' आणि 'हे वाईट आहे' ही दोन वाक्यं तो वेगळी करायला लावतो. परदेशातल्या मराठी आईवडिलांना हे जास्त पटेल. मुलाला हातानं भरवणं किंवा आपल्या कुशीत झोपवणं याला कुणी हयगय म्हटलं, तर त्यात कुठलं वैश्विक मूल्य नसतं. बोलणाऱ्याची घरची सवय तेवढी वैश्विक झालेली असते. सार्वत्रिकतावाद सर्वांत जास्त फसतो तो इथेच.

पण 'रीती वेगवेगळ्या आहेत' यावरून 'कुणीच चूक नाही' हे सिद्ध होत नाही. पहिलं विधान वर्णनाचं आहे, दुसरं निवाड्याचं. मधला पूल कुणी बांधलेला नसतो, तरी लोक बिनधास्त पलीकडे जातात.

वाद घरातलाच असेल तर

सापेक्षतावाद खरा अडकतो तो संस्कृती एकमुखानं बोलत नसते तेव्हा. रखमाबाईंचा खटला यासाठी नीट वाचावा. 11 व्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नांदायला जायला तयार नव्हत्या. 1884 मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी उलट हुकूम दिला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये 2000 रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या.

'धर्म विरुद्ध परकं सरकार' अशी या वादाची मांडणी तेव्हाही झाली आणि आजही होते. पण पिन्हे यांचा मुद्दा नेमका उलटा होता. बायकोला कोर्टामार्फत नांदायला भाग पाडण्याचा उपाय मुळात इंग्लंडच्या कायद्यातून इथे आणलेला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे 'आमची रीत' म्हणून जे वाचवायचं होतं, त्याची अंमलबजावणी विलायती हत्यारानं चालली होती. आणि नकार देणारी बाई काही विलायतेची नव्हती. संमतिवयाच्या विधेयकावर (1891, मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय 10 वरून 12) टिळक विरोधात आणि आगरकर बाजूनं होते, तेही दोघे एकाच पुण्यातले. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारनं यात कायदा करण्याला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. आता 'त्या समाजाच्या मापानं ठरवा' म्हटलं, तर त्यातलं कुणाचं माप घ्यायचं? सापेक्षतावादाकडे याचं उत्तर नाही, आणि मग व्यवहारात ज्याचा आवाज मोठा त्याचं माप लागतं.

अभ्यासकांनाही हा पेच चुकला नाही. 1947 मध्ये अमेरिकी मानवशास्त्र संघटनेनं बजावलं होतं की संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा केवळ पाश्चात्त्य मूल्यांचा होऊ नये. 1948 मध्ये तो 48 विरुद्ध 0 मतांनी संमत झाला, 8 देश तटस्थ राहिले. 'सर्व पुरुष' या अर्थाच्या जागी 'सर्व माणसं' आणणाऱ्या हंसा मेहता मात्र भारताच्या प्रतिनिधी होत्या. त्याच संघटनेनं 1999 मध्ये मानवी हक्कांच्या बाजूनं निवेदन काढलं.

कायद्याचा लंबक

मुंबई राज्यानं 1949 मध्ये बहिष्कृती रोखणारा कायदा केला. दाऊदी बोहरांचे धर्मप्रमुख सय्यदना यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्ये तो बहुमतानं रद्द केला, कारण धर्मसंस्थेला आपला कारभार चालवायचा हक्क आहे. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत वेगळं होतं. 2023 मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. गटाचा हक्क आणि गटातल्या एकट्याचा हक्क यांच्यात कायदाही असा हेलकावे खातो.

आमच्या मते इथे 'बाहेर पडायला काय किंमत मोजावी लागते' हा प्रश्न निर्णायक आहे. "नको असेल त्यानं समाज सोडावा" हे उत्तर किराणा दुकान, सोयरीक आणि मयताला येणारे खांदे बंद होत नसतील तरच खरं. ते बंद होत असतील, तर ती रीत सक्ती झालेली असते आणि सार्वत्रिक माप लावावंच लागतं.

दवाखान्यातला मधला मार्ग

"पेशंटला कॅन्सर आहे हे सांगू नका" असं नातेवाईक म्हणतात. 1995 मध्ये लॉस एंजलिसमधल्या 65 वर्षांवरच्या 800 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगावं, असं युरोपीय वंशाच्या 87 टक्के लोकांना आणि कोरियन वंशाच्या 47 टक्के लोकांना वाटत होतं. सापेक्षतावादी इथे 'कोरियन कुटुंबात लपवा' म्हणेल. पण 47 म्हणजे जवळजवळ निम्मे. वंश पाहून ठरवणं म्हणजे छापा-काटाच झाला. उलट सगळ्यांना तोंडावर सांगून टाकणारा युरोपीय वंशाच्या 13 टक्क्यांना चुकवतो.

म्हणून तपासणीच्या आधीच, रिपोर्ट हातात नसताना, रुग्णाला एकट्याला विचारावं. "रिपोर्ट आला की तुम्हाला सविस्तर सांगू, की घरच्यांपैकी कुणाशी बोलू?" उत्तर केसपेपरवर लिहावं. रिपोर्ट आल्यावर विचारलं तर तोवर नातेवाईकांनी डॉक्टरांना दारात गाठलेलं असतं आणि प्रश्नातूनच रुग्णाला सगळं कळतं. संस्कृतीचा मान राहतो आणि निर्णयही ज्याचा त्याच्याकडे राहतो.

मुलांच्या बाबतीत

मूल समाज सोडू शकत नाही आणि त्याला विचारूनही उपयोग नसतो, म्हणून वरच्या दोन्ही कसोट्या अपुऱ्या पडतात. तिथे केलेलं परत फिरतं का, हे पाहावं. कान टोचणं आणि सातवीतून शाळा सोडवून लग्न लावणं ही दोन्ही मुलीला न विचारताच होतात. कानाचं भोक बुजतं.