निळे रूळ, तपकिरी रूळ की लेगो? सेलवरची ट्रेन घेण्याआधी

गेल्या महिन्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, दिवाळीला येतोयस ना? पोरासाठी ती ट्रेन आण ना, निळ्या रुळांवरची." मी विचारलं, "चालवायला हवी की उघडायला?" पलीकडे जरा शांतता. मग हसत म्हणाला, "चालवेल तो. उघडीन मी."

हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो. तोक्योत निशी-कासाई भागात राहत असल्यामुळे दर सुट्टीच्या आधी अशी एक-दोन मागणी ठरलेली असते. इथे भारतीय वस्ती मोठी, मराठीही रोज कानावर पडतं, आणि बहुतेक घरांत एखादा तरी निळ्या रुळांचा डबा असतोच. आमच्याकडे चार आहेत. मुलगा आता मोठा झाला, त्यामुळे डबे कोणाचे हे वेगळं सांगायला नको.

निवड करायची ती मुख्यतः चारांतून. टोमी (आता टाकारा टोमी) कंपनीची निळ्या रुळांची जपानी प्लारेल, थॉमस या कार्टूनमधल्या इंजिनाची ट्रॅकमास्टर (तीही जुनी आणि नवी अशी दोन प्रकारची), लेगो सिटीची ट्रेन, आणि आपल्याकडे जत्रेपासून मॉलपर्यंत कुठेही मिळणारा बिननावाचा सेट. दुकानात सगळे गाडी बघतात. मी म्हणतो, आधी रूळ उलटून त्याचा जोड बघा. गाडी दोन वर्षांत बिघडेल, हरवेल, जिन्यावरून पडेल. रूळ उरतात आणि पुढची प्रत्येक खरेदी तेच ठरवतात.

जोड कोणाचा कोणाशी जमतो

प्लारेल 1959 साली आली तेव्हा ती हाताने ढकलायची ट्रेन होती. मोटर 1961 मध्ये बसली. रूळ तेव्हाही निळे होते, आजही निळेच आहेत, आणि जोडही तोच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या मुलाच्या लहानपणीचे पिशवीभर रूळ आम्हाला दिले. रंग थोडा विटलेला, पण यंदा घेतलेल्या सांध्याला, म्हणजे मार्ग दोन फाट्यांत फुटतो त्या तुकड्याला, ते खटकन बसले. आठ वळणं जोडली की एक पूर्ण गोल होतो, अर्ध्या मीटरच्या आतला. तो आकार म्हणे चाबुदाईवर, म्हणजे जमिनीवर बसून जेवायच्या बुटक्या गोल टेबलावर, मावावा म्हणून ठरवला होता. पुण्यातल्या वन बीएचकेत दिवाणाच्या पायांमधूनही तो सहज फिरतो.

थॉमसची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि फसगतही इथेच जास्त होते. टोमी स्वतः प्लारेलच्या रुळांवर धावणारा थॉमस बनवते. 2007 मध्ये जपानबाहेर ट्रॅकमास्टर हे नाव आलं, रूळ तपकिरी झाले, पण हाडामांसाने ती प्लारेलच होती. जोड जुळायचा. 2014 मध्ये मात्र सगळी रचना बदलली. रुळाचा जोड वेगळा, इंजिनं वेगळी, सेलसुद्धा एका डबल एऐवजी दोन ट्रिपल ए. नाव तेच राहिलं. त्यामुळे कोणी "ट्रॅकमास्टरचा जुना सेट आहे, घेतोस का" म्हणालं की आधी जोडाचा फोटो मागवा. जुना असेल तर डोळे झाकून घ्या. नवा असेल तर तो फक्त नव्याशीच जमणार. मधे घालायच्या जोडपट्ट्या मिळतात, थ्रीडी प्रिंटरवरही काढता येतात, पण त्या जागी गाडी हमखास ठेच खाते.

लेगोचं जग स्वतंत्रच. त्यांचा गोल सोळा वळणांचा, मधल्या रेषेवर मोजला तर 64 सेंटिमीटर व्यासाचा. सरळ रूळ जेमतेम 12.8 सेंटिमीटरचा, म्हणजे लांब मार्ग टाकायचा तर तुकडे भरपूर लागतात. बसवलेला मार्ग मात्र घट्ट बसतो, उचलून सरकवला तरी सुटत नाही.

बाजारच्या सेटचं काय? त्याचे रूळ फक्त त्याच्याच भावंडांशी जमतात, आणि भावंडं पुढच्या वर्षी बाजारात असतीलच असं नाही.

झाकण उघडल्यावर

प्लारेलची मोटारगाडी, म्हणजे मोटर असलेला पुढचा डबा, हातात घ्या. खाली एक फुलीचा स्क्रू, तो काढला की सेलची जागा. वरची टोपी, म्हणजे गाडीचं तोंड आणि छप्पर, खाचांमध्ये किंवा स्क्रूवर बसलेली असते. अंगठ्याने दोन्ही बाजू थोड्या फाकवल्या की बहुतेक टोप्या सुटतात. आत पितळी पट्ट्या, सरकणारं बटण, मोटर आणि तीन-चार दातेरी चाकं. बस्स. सर्किट बोर्ड नाही, चिप नाही. मागच्या आसाच्या चाकांवर रबराची कडी, ओढण्याचं सगळं काम तीच करतात.

गाडी मेली म्हणून मला लोक आणून देतात तेव्हा तीनच रोग निघतात. पहिला म्हणजे केस. आसाभोवती लांब केस आणि सतरंजीचे धागे असे गुंडाळलेले असतात की ब्लेडने कापून चिमट्याने ओढावे लागतात. दुसरा, सेल गळून हिरव्या पडलेल्या पट्ट्या. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसायच्या, सुकवायच्या, मग बारीक पॉलिश पेपर मारायचा. तिसरा रोग फसवा. मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही. मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेलं इवलंसं दातेरी चाक तडकलेलं असतं. भिंगातून पाहिलं तर दोन दातांच्या मधे केसाएवढी चीर दिसते, आणि दांडा आतल्या आत गरगरतो. त्याला गोंद लावू नका, मी लावून पाहिलाय, चार दिवस टिकतो. दोन मिलिमीटर दांड्याचं नवं चाक घाला.

ही मोटर बहुतेक गाड्यांत 130 आकाराची, म्हणजे खेळण्यांच्या दुनियेतली सगळ्यात सामान्य. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ती चहा-वड्याच्या पैशात मिळते. तामिया कंपनीच्या मिनी फोर डब्ल्यूडी या शर्यतीच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या मोटरही याच मापाच्या असतात, म्हणून इथली हौशी मंडळी त्यातल्या जास्त ताकदीच्या मोटर प्लारेलमध्ये बसवतात. वेगासाठीच्या मोटरपेक्षा ताकदीची घ्या, असा माझा आग्रह. अर्ध्या मीटरच्या गोलात वेगाचा उपयोग एकच, गाडी सोफ्याखाली जाते.

नवी ट्रॅकमास्टर उघडायची तर मला काही गाड्यांत तिकोनी खाचेचे स्क्रू भेटले. त्याचा पेचकस वेगळा आणावा लागतो. आतली जागाही चिंचोळी. चालवायला ती वाईट नाही, दोन सेलमुळे चढावर छान चढते. पण भावासारख्या माणसाच्या हातात ती दिली तर तो दुसऱ्याच दिवशी वैतागेल.

लेगोत उघडायला काहीच नाही आणि म्हटलं तर सगळंच आहे. मोटर आणि सेलचा डबा बंद, कारखान्यात जुळवलेले. त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या वर आणि भोवती मात्र हवी ती गाडी उभी करा, पाडा, परत उभी करा. 2018 पासूनच्या त्यांच्या रचनेत सेलच्या डब्यात सहा ट्रिपल ए लागतात, ब्लूटूथचा रिमोट असतो, फोनवरूनही वेग कमी-जास्त करता येतो. गाडी हळूहळू थांबवत फलाटाशी आणणं ही मजा प्लारेलमध्ये नाही. तिथे बटण दाबलं की पळाली, पकडून बंद केलं की थांबली. ज्याला गाडी *चालवायची* आहे, मोटरमनसारखी, त्याने लेगोच घ्यावी. मी प्लारेलचा माणूस असूनही हे कबूल करतो.

सेलचा घोळ

यावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात, आणि त्यातला एक मी स्वतः अमलात आणलाय.

साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड 1.2 व्होल्टचा. म्हणून लोक म्हणतात की चार्जवाल्यावर गाडी हळू धावेल. नव्याकोऱ्या अल्कलाइनच्या शेजारी ठेवली तर थोडी धावतेही हळू. पण अल्कलाइनचा दाब भार पडला की खाली-खाली येत राहतो, आणि चार्जवाला संपेपर्यंत बराचसा एकसारखा राहतो. अर्ध्या तासानंतर दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीने फिरताना दिसतात. घरात मूल असेल तर चार सेल आणि एक चांगला चार्जर हा हिशेब वर्षभरात वसूल होतो.

आता माझी चूक. डबल एच्याच मापाचा लिथियम सेल मिळतो, 3.7 व्होल्टचा. मला वाटलं, बघू तर. गाडी दुमजली पुलावर होती. पहिल्या वळणापर्यंत पोचलीच नाही, सरळ हवेत गेली आणि फरशीवर नाक आपटून थांबली. हिरव्या ई5 शिंकान्सेनचं, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचं, लांब नाक, तेच तुटलं. मोटर जळल्याचा वास संध्याकाळपर्यंत खोलीत होता. दीड व्होल्टसाठी बनवलेल्या गाडीत तो सेल घालू नका, आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्लारेलच्या जुन्या गाड्यांत सी आकाराचा जाडा सेल बसतो. तो आता महाग वाटतो म्हणून लोक त्या गाड्या टाळतात. उलट मी त्याच शोधतो. जाड्या सेलचं वजन थेट रबरी चाकांवर येतं, त्यामुळे गाडी चढावर घसरत नाही आणि पाच-सहा डबे ओढते. डबल ए सेलला घालायची प्लॅस्टिकची नळीही मिळते, पण मग वजनाचा फायदा जातो. मी नळीच्या आत शिशाच्या तारेचे दोन वेढे देतो. शिसं मुलांच्या हाताला किंवा तोंडाला लागता कामा नये, म्हणून वर टेप पक्का आणि ती गाडी फक्त माझी.

आपली लोकल

रंगरंगोटीत प्लारेलची एक सोय अशी आहे की तिची गाडी मुळातच तीन डब्यांची, पुढे मोटारगाडी, मधला डबा, शेवटी दुसरं तोंड. म्हणजे आपल्या लोकलसारखीच, दोन्ही टोकांना केबिन. चपट्या तोंडाची तोक्योची उपनगरी गाडी घेतली की मुंबईची पांढरी-जांभळी लोकल अर्धी तिथेच तयार झालेली असते. मी एक केली आहे. टोप्या काढून भांड्याच्या साबणाने धुतल्या, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवली, प्रायमर, मग पांढऱ्याचे तीन पातळ हात. जांभळा पट्टा टेप लावून मारला. सेफ्टी पिन वाकवून पँटोग्राफ केला. दारं उघडी दाखवायची म्हणून काळा रंग दिला, लटकणारी माणसं मात्र जमली नाहीत. चाकांजवळची कड रंगवू नका एवढंच सांगतो. रंगाचा थर जाड झाला की चाक घासतं, आणि मग माणूस मोटरला दोष देत बसतो.

लेगोत हीच लोकल रंग न लावता, विटा निवडून करता येईल. जांभळ्या विटा पुरेशा जमवणं ही खर्चाची बाब. थॉमसच्या गाड्यांना चेहरा असतो, त्याला लोकल करणं माझ्याच्याने होत नाही.

भारतात बसून घ्यायचं तर

खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे. त्यामुळे बाहेरची ट्रेन भारतातल्या दुकानात शोधलीत तर निवड थोडी आणि किंमत चढी, असंच दिसेल. त्यातल्या त्यात लेगो रीतसर मिळते, पण तिची मोटारवाली ट्रेन म्हणजे प्लारेलच्या एका गाडीच्या कित्येक पट. मूल चार-पाच वर्षांचं असेल आणि गाडीचं वेड टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर बिननावाचा सेट बीआयएसचा शिक्का बघून घ्या आणि मोडेपर्यंत खेळू द्या. मोडला की त्यातली मोटर काढून ठेवा.

जपानहून येणारं कोणी असेल तर त्याला नवी गाडी आणायला सांगू नका. इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत निळे रूळ पारदर्शक पिशव्यांतून ढिगाने विकायला असतात, आणि शेजारच्या टोपलीत "चालत नाही" म्हणून टाकलेल्या गाड्या. त्यातल्या बऱ्याच केसांनीच बंद पडलेल्या असतात.

भावासाठी मी शेवटी घेतलं ते असं: दोन पिशव्या रूळ, दोन सांधे, सी सेलची एक जुनी मोटारगाडी, आणि हिरवी ई5 एक, कारण मुंबई-अहमदाबादसाठी आधी त्याच जातीची गाडी ठरली होती आणि पोराला "आपली बुलेट ट्रेन" हवी आहे. बुलेट ट्रेन नवी, पेटीबंद. मोटारगाडी टोपलीतली, मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही. फुलीचा छोटा पेचकस आणि चिमटा घरात आहे ना, तेवढं त्याला विचारून घेतलं.