टँकवाला एअरब्रश कंप्रेसर: एक पावसाळा वापरल्यानंतर

३ लिटर टँक, १/६ एचपी मोटर, प्लॅस्टिक मॉडेलं रंगवायच्या एअरब्रशला (रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या यंत्राला) दाबाची हवा पुरवणारा, बाजारात दहा नावांनी विकला जाणारा हाच तो पिस्टन कंप्रेसर. बाकी माहिती सगळ्यांना आहेच, म्हणून थेट पाण्यावर येतो.

उन्हाळ्यात एका अक्षराची तक्रार नव्हती. दाब २० पीएसआयवर ठेवला की तिथेच राहतो आणि टँकमुळे फवारा थरथरत नाही. जुलैत ठाण्यात पावसाने मुक्काम ठोकला आणि एअरब्रश पाणी थुंकायला लागला. तेही माझ्या सी हॅरियर विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या मॉडेलच्या पंखावर! नौदलाच्या गडद करड्या रंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. अशा खड्ड्यांवर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) लावलं की खाली हवा अडकते आणि राउंडेलच्या, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रचिन्हाच्या, कडेने चंदेरी चट्टे दिसतात. रंग पूर्ण वाळू द्यायचा, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचा आणि पुन्हा मारायचा, दुसरा उपाय नाही.

विक्रेत्याला फोन केला. "पावसाळ्यात होतंच साहेब, नवीन रेग्युलेटर घ्या." वॉरंटीत बसत नाही म्हणे, आणि किंमत मशीनच्या पाव पट. याचा राग अजून गेलेला नाही. रेग्युलेटर म्हणजे मशीनवरचा दाब ठरवणारा भाग; त्याखालची पाणी अडवणारी वाटी कोरडी ठणठणीत होती, पाणी निघत होतं नळीतून! बराच वेळ मशीन चाललं की हवा गरम होते. वाटीतून जाताना पाणी वाफेच्याच रूपात असतं, म्हणून तिथे अडकत नाही. पुढे नळीत हवा गार होते आणि मग थेंब धरतात. नवीन रेग्युलेटरही त्याच जागी बसणार, मग फरक काय पडणार? मी एअरब्रशच्या खाली बसणारा छोटा ट्रॅप (पाणी अडवणारी डबी) काही शे रुपयांत आणला. थुंकणं बंद.

ऑगस्टपर्यंत मी याला पाचात दोन दिले असते. आता चार देतो, कारण पावसाळ्यातला दुसरा त्रास मुळात मशीनचा नाहीच. लॅकर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारल्यावर पूर्ण पंखावर दुधाळ झाक आली, तर ते नळीतलं पाणी नव्हे. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम यावा तशी खोलीतल्या दमट हवेतली वाफ ओल्या थरावर पाणी होऊन बसते. ठिपके असतील तर ट्रॅप बघा, सरसकट पांढरं असेल तर थिनर बदला. मिस्टर कलर या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असतो, थर सावकाश वाळतो. झाक आलीच, तर डिकल लावण्याआधी तोच थिनर नुसता, अगदी हलका फवारायचा. थर पुन्हा सैल होतो, ओल निघून जाते. माझा डावा पंख डोळ्यांदेखत करडा झाला. नाकातोंडावर मास्क मात्र हवाच.

पाचवा तारा कापला तो टँकच्या तळाच्या ड्रेन नटासाठी. पावसाळ्यात काम संपलं की तो रोज उघडावा लागतो, नाहीतर टँक आतून गंजतो. पण तो इतका खाली आहे की मशीन आडवं केल्याशिवाय बोट पोचत नाही, आणि मॅन्युअलमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.