झोटेरो आणि संगीताचा प्रबंध: पुस्तकांसाठी उत्तम, तबकड्यांसाठी हाताने काम

संगीतातल्या एम. ए. किंवा पीएच. डी.च्या प्रबंधात छापील पुस्तकं निम्मी असली तरी पुष्कळ. बाकी सगळ्या तबकड्या, कॅसेटी, यूट्यूबवरच्या मैफली, बुजुर्गांच्या मुलाखती आणि बंदिशींच्या वह्या. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर, २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेलं. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याने ते जरूर वापरावं. मात्र पहिल्या आठवड्यातच काही सवयी लावून घ्याव्या लागतात, नाहीतर सादरीकरणाच्या आधी सगळी यादी पुन्हा उपसावी लागते.

आधी पुस्तकं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, टाकला की माहिती आपोआप भरली जाते, पण आयएसबीएनची पद्धत १९७० सालची. त्याआधीच्या मराठी संगीतग्रंथांना हा क्रमांक नसतोच आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमधून झोटेरोला काही वाचता येत नाही. तिथे सगळं हाताने भरायचं. जुन्या पुस्तकावर शके असेल तर इसवी सन करूनच तारखेच्या रकान्यात टाका: शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदललं की ७९. इंग्रजी अंकांत नुसतं 'शके 1832' लिहिलंत तर ते पुस्तक १८३२ सालचं समजून यादीत लावलं जातं. मूळ शक 'एक्स्ट्रा' या जादा माहितीच्या रकान्यात नोंदवा. तारखेच्या रकान्यात अंक इंग्रजीच हवेत. देवनागरी अंकांतून त्याला वर्ष ओळखता येत नाही.

भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'सारख्या ग्रंथांची मूळ मराठी आवृत्ती आणि हाथरसच्या संगीत कार्यालयाचा हिंदी अनुवाद या दोन वेगळ्या नोंदी करा. भाग कितवा, तेही त्याच्या रकान्यात लिहा. दोन्हींचे पृष्ठांक जुळत नाहीत आणि परीक्षक नेमकं तेच पान उघडून बघतात.

आता खरी कसोटी, ध्वनिमुद्रणं. 'ऑडिओ रेकॉर्डिंग' या प्रकारात कलाकार, लेबल (म्हणजे तबकडी काढणारी कंपनी), वर्ष, कालावधी असे रकाने आहेत, पण तबकडीच्या क्रमांकाला स्वतंत्र रकाना नाही, आणि ध्वनिमुद्रिका-सूचीत सगळ्यात मोलाचा तोच. उपाय साधा आहे: लेबलच्या रकान्यातच कंपनी आणि क्रमांक दोन्ही लिहा. उस्ताद अमीर खाँ यांच्या मारवा-दरबारीच्या एलपीची नोंद अशी होईल: कलाकार 'अमीर खाँ', शीर्षक 'राग मारवा, राग दरबारी', लेबल 'एचएमव्ही, ईएएलपी १२५३', फॉरमॅट 'एलपी'. तुम्ही ऐकलेली प्रत सीडीची असेल तर क्रमांक आणि साल सीडीचंच द्या; मूळ एलपीचं साल 'एक्स्ट्रा'त ठेवा. ७८ आरपीएमच्या तबकडीवर दोन क्रमांक असतात. मधल्या कागदी लेबलवर छापलेला असतो तो कॅटलॉग क्रमांक. त्या कागदाच्या कडेला, तबकडीवरच कोरलेला असतो तो मॅट्रिक्स क्रमांक. दोन्ही उतरवून घ्या. एकाच ध्वनिमुद्रणाच्या पुनर्मुद्रणात कॅटलॉग क्रमांक बदललेला असू शकतो, तेव्हा ओळख मॅट्रिक्सवरूनच पटते.

नावांच्या बाबतीत 'जोशी, भीमसेन' ठीक, पण 'खाँ, अमीर' वाचवत नाही. नावाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून एकच रकाना करा आणि पूर्ण नाव तिथे टाका. पंडित, उस्ताद, विदुषी या उपाध्या यादीत नकोत, नाहीतर अर्धी यादी 'प'खाली जमते.

यूट्यूबची नोंद ब्राउझरमधून एका क्लिकवर येते आणि तिथेच घोटाळा होतो. चॅनेलवाल्याचं नाव कर्ता म्हणून बसतं, आणि अपलोडची तारीख मैफलीची म्हणून. दोन्ही हाताने दुरुस्त करा. आलापातल्या एखाद्या जागेचा हवाला द्यायचा असेल तर वर्डमध्ये संदर्भ घालताना 'सफिक्स'च्या चौकटीत मिनिट-सेकंद लिहा. '१२:४०' अशी नेमकी वेळ नसेल तर पाऊण तासाच्या ख्यालाचा संदर्भ कुणाच्याच उपयोगाचा नाही. मुलाखतीसाठी 'इंटरव्ह्यू विथ'मध्ये कलाकाराचं नाव, 'इंटरव्ह्यूअर' म्हणून तुमचं.

मराठी छपाईच्या बाजूने झोटेरो कच्चं आहे. संदर्भ लिहिण्याची शिकागो किंवा एमएलए शैली निवडली की ग्रंथनामं तिरपी होतात. देवनागरी तिरपी केली की मात्रा-वेलांट्या विस्कटल्यासारख्या दिसतात. शिवाय 'एडिटेड बाय', 'अँड' ही इंग्रजीच उमटतात. यावर इलाज म्हणजे शैलीचे नियम जिच्यात लिहिलेले असतात ती सीएसएल फाइल उघडून इटॅलिकच्या सूचना काढणं, अवतरणचिन्हं घालणं आणि 'संपा.', 'आणि', 'तत्रैव' हे शब्द भरणं. एका बैठकीचं काम आहे. फाइलचं शीर्षक आणि आयडी दोन्ही बदलायला विसरू नका. तसं न केल्यास मूळ शैली अद्ययावत होताना तुमचे बदल पुसले जातात. श्रीलिपी-कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतल्या फाइलींतला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, मगच झोटेरोत चिकटवा.

सगळ्यात मोठी उणीव संदर्भसूचीची आहे. संगीतातल्या प्रबंधाला मराठी, हिंदी, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं, ध्वनिमुद्रिका, मुलाखती अशा वेगळ्या याद्या लागतात. झोटेरो वर्डच्या फाइलमध्ये एकच सलग यादी करतं: रोमन लिपीतल्या नोंदी आधी, मग मराठी आणि हिंदी एकत्र मिसळलेल्या. म्हणून प्रत्येक विभागासाठी झोटेरोत वेगळं कलेक्शन (फोल्डर) करा आणि त्यावर राइट-क्लिक करून 'क्रिएट बिब्लिओग्राफी'ने यादी काढून चिकटवा. ही यादी नंतर आपोआप बदलत नाही, त्यामुळे हे काम अगदी शेवटी.

फाइली ठेवायला झोटेरोची मोफत ऑनलाइन जागा ३०० एमबी. नोंदी त्यात मोजल्या जात नाहीत, पण सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला साधारण १० एमबी घेते. म्हणजे अर्ध्या तासाच्या एका ख्यालात सगळं संपलं. ध्वनिफिती हार्ड डिस्कवर ठेवा आणि झोटेरोत फक्त 'लिंक टू फाइल' जोडा. अशा जोडलेल्या फाइली दुसऱ्या संगणकावर सिंक होत नाहीत, त्यामुळे त्यांची प्रत वेगळी काढायला हवी. जास्त जागा हवीच असेल तर २ जीबीला वर्षाला २० डॉलर.

स्वरलिपीचे तक्ते हा झोटेरोचा विषयच नव्हे. ते वर्डच्या टेबलमध्ये करावेत, त्रितालाला सोळा रकाने. कोमल स्वराखालची रेघ मात्र अंडरलाइनने द्या, वेगळी ओढू नका, फॉन्ट बदलला की ती सरकते.

बांधणीला देण्याआधी वर्डमधल्या 'अनलिंक सायटेशन्स'ने संदर्भ साध्या मजकुरात बदलावे लागतात. ते परत जोडता येत नाहीत. आधी फाइलची प्रत करून ठेवा आणि अनलिंक प्रतीवर करा. परीक्षकांच्या दुरुस्त्या आल्या की मूळ फाइलच लागते.