इंजेक्शन की ऑपरेशन? वजनाच्या बाबतीत माझा कौल

आहार, व्यायाम सगळं करून झालंय, उतरलेलं वजन पुन्हा चढलंय आणि डॉक्टरांनी दोन पर्याय समोर ठेवलेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्हीतून गेलोय: आधी भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन, मग स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन. बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचं गणित तुम्हाला माहीत असेलच. फक्त ‘माझं एवढं कुठे आहे’ म्हणून विषय झटकू नका, कारण २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांना २७.५ बीएमआयपासूनच ऑपरेशनचा पर्याय सुचवता येतो.

इंजेक्शनला नावं ठेवणार नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइड या तशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. स्लीव्हनंतर साधारण २५ टक्के धरतात, बायपासला (जठर लहान करून अन्न पुढच्या आतड्यात वळवण्याचं ऑपरेशन) थोडं जास्त. म्हणजे दोन्हींतलं अंतर कमी होत चाललंय, आणि नुसत्या तेवढ्या फरकासाठी कुणी ऑपरेशन टेबलावर जावं असं मी म्हणणार नाही. मळमळ व्हायची, डोस वाढवला की जास्तच, पण तीही सोसण्यासारखी होती.

माझं बिनसलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मध्ये काही आठवडे औषध मिळेना. सुरुवातीला काही जाणवलं नाही. मग हळूहळू जेवून उठलो तरी डोक्यात पुढच्या खाण्याचा विचार सुरू व्हायला लागला. काट्यावर वजन नंतर दिसलं, भूक आधी परतली. आणि हे माझ्यापुरतं नव्हतं: त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश पुन्हा चढलं. रक्तदाबाची गोळीही जन्मभर घ्यावी लागतेच की, असं मला समजावलं गेलं. युक्तिवाद चूक नाही. पण गोळी चुकली म्हणून कुणाला दिवसभर स्वयंपाकघराकडे ओढ लागत नाही. माझी भूक पुरवठ्यावर अवलंबून आहे, हे काही केल्या पचेना.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग काढून टाकतात, आणि भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. भूक कायमची मिटते असं नाही. वर्ष-दीड वर्षानं माझी परत आली, पण समजूत घालता येईल इतकी. शिवाय कॅलेंडरकडे बघावं लागत नाही, हे सुख ज्याचं त्यालाच कळतं.

आता ऑपरेशनची कटकट. जन्मभर जीवनसत्त्वं, ठरावीक काळानं रक्ततपासणी, प्रथिनांचा हिशेब. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. जेवताना पाणी प्यायचं नाही, हे मला अजून जड जातं. कापलेलं जठर परत जोडता येत नाही, हेही नीट मनाशी घ्या. आधीच छातीत जळजळ होत असेल तर स्लीव्हनं ती वाढू शकते. तेव्हा बायपासबद्दल विचारा. बायपासनंतर मात्र काही वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण अल्सरचा धोका असतो, आणि दारू लवकर चढते.

काहींना इंजेक्शनच बरं. वजन थोडंच उतरवायचं असेल किंवा भूल देणं धोक्याचं असेल तर घाई कशाला? उलट थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर ही इंजेक्शनं देत नाहीत. बाळाचा विचार असेल तर दोन्हींकडे थांबणं आलं: सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं, ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची. आणि खाण्यावर ताबा सुटण्याचा मानसिक आजार किंवा दारूचं व्यसन असेल, तर आधी त्यावर उपचार. सुरी त्याला उत्तर देत नाही.

तुमचं शरीर, तुमचे डॉक्टर, निर्णयही तुमचाच. तरी माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही. ऑपरेशननंतर काही वर्षांनी वजन पुन्हा सरकू लागलंच, तर हीच इंजेक्शनं तेव्हाही वापरता येतात. माझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हाच मी तारीख घेतली.