बर्निना की सुव्रेत्ता: एंगाडिनमध्ये सायकलला एकच दिवस असेल तर

स्वित्झर्लंडच्या एंगाडिन दरीत, सेंट मॉरिट्झच्या आसपास माउंटन बाइकसाठी एकच मोकळा दिवस असेल, तर निवड शेवटी दोन वाटांवर येऊन अडते. पहिली वाट ऑस्पिझियो बर्निना स्टेशनपासून रेल्वेच्या कडेकडेने पॉन्त्रेसिनाला उतरते. दुसरी पिझ नायर शिखराच्या पाठीमागून सुव्रेत्ता खिंड ओलांडते आणि बेवेरच्या दरीत जाते. दोन्ही चांगल्या आहेत, दोन्हींना मानणारे लोक आहेत. माझा कल सुव्रेत्ताकडे आहे. त्याचं कारण देखावा नाही, उंचीही नाही. ते कारण अगदी पायाशी, पॅडलपाशी आहे.

सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्यांनी आधी एक हिशेब करावा. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे, आणि सुव्रेत्ता वाट जिथे संपते ते बेवेर स्टेशन 1,708 मीटरवर. म्हणजे दिवसातला सगळ्यात खालचा टप्पाही कळसूबाईच्या वरच. पिझ नायरचं केबल कार स्टेशन 3,022 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच असतो. घाट चढायची सवय असलेले पाय कुरकुर करत नाहीत, पण दम लवकर जातो आणि डोकं जड होतं. आल्या दिवशीच थेट वर जाऊ नये. एक रात्र तरी खाली झोपावं, मग वर जावं.

आता बर्निना. ऑस्पिझियो बर्निना 2,253 मीटरवर, पॉन्त्रेसिना 1,774 मीटरवर. सुमारे 480 मीटरचा उतार साधारण 16 किलोमीटरमध्ये पसरलेला, म्हणजे सरासरी तीन टक्के. सुरुवातीची जागा फार सुंदर आहे. लागो बियांको, म्हणजे पांढरं तळं, हिमनदीने आणलेल्या बारीक गाळामुळे दुधाळ दिसतं. त्याचं पाणी दक्षिणेला पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला मिळतं. पलीकडेच लेय नायर, म्हणजे काळं तळं. त्याचं पाणी इन आणि डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात जातं. दोन तळ्यांच्या मधून सायकल निघते ती पाणलोटाच्या कण्यावरून. इथे दहा मिनिटं थांबणं वाया जात नाही.

पुढे अडचण सुरू होते. तीन टक्के उतार कागदावर सुखाचा वाटतो, पण वाट दगडधोंड्यांची आहे. अशा उतारावर सायकल आपोआप वेग धरत नाही, त्यामुळे दगडांच्या पट्ट्यातही पॅडल मारत राहावं लागतं. पॅडल मारताना एक पाय खाली जाणारच, आणि त्याच क्षणी तिथे दगड असतो. पॅडल आपटतं, सायकल जागच्या जागी अडते, तोल बाजूला जातो. त्यात पाणी वळवण्यासाठी वाटेवर तिरके दगडी चर काढलेले आहेत. वेग असेल तर पुढचं चाक हलकं करून ते ओलांडता येतात. वेग नसेल तर प्रत्येक चरात पुढचं चाक बसतं.

यावर उपाय आहेत. पॅडल पूर्ण न फिरवता पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे असं मारत जायचं. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) 36 ऐवजी 72 ठिकाणी पकड असेल तर हे सोपं जातं, कारण पकड बसेपर्यंत दहाऐवजी पाचच अंश वाया जातात. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, 175 ऐवजी 165 मिलिमीटरचा असेल तर पॅडल जमिनीपासून एक सेंटिमीटर जास्त वर राहतं. बसल्यावर मागचं सस्पेन्शन 30 टक्के दबण्याऐवजी 25 टक्केच दबेल असं ठेवलं तरी फरक जाणवतो. पण सायकल भाड्याची असेल तर हब आणि क्रँक आहेत तसेच घ्यावे लागतात, हातात उरतं ते फक्त सस्पेन्शन.

आणि माणसं. ही वाट पायी चालणाऱ्यांचीही आहे आणि पहिला हक्क त्यांचाच. तो द्यायलाच हवा: लांबून वेग कमी करायचा, ‘आलेग्रा’ म्हणायचं (एंगाडिनमध्ये असंच अभिवादन करतात), जागा मिळाली की हळू पुढे जायचं. माझी तक्रार माणसांबद्दल नाही. पण बर्निना सुओत ते मॉर्तेराच या दोन स्टेशनांमधला जरा जास्त उताराचा, वळणांचा, मुळांचा तुकडा या वाटेवर सगळ्यात रंगतदार आहे, आणि हिमनदी बघायला आलेली सगळी कुटुंबंही त्याच भागात असतात. थांबायचं, मग दगडांतच पुन्हा निघायचं, पुन्हा पॅडल आपटायचं. थांबण्याआधी दोन गिअर हलके करून ठेवावेत, नाहीतर निघताना साखळीवर जोर येऊन ती घसरते. दिवसभर हे केलं की लय म्हणून काही हाती लागत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

सुव्रेत्तावर हा प्रश्नच येत नाही. उतार खरा आहे, त्यामुळे दोन्ही पॅडल समांतर ठेवून, वजन पायांवर घेऊन, सायकलला खाली वाहू द्यायचं. वर जायला दोन मार्ग आहेत. सेंट मॉरिट्झमधून (1,822 मीटर) स्वतःच्या पायांनी सुव्रेत्ताच्या खोऱ्यातून 2,615 मीटरवरच्या खिंडीपर्यंत सुमारे 800 मीटरची चढण. शेवटी थोडं ढकलावं लागतं. किंवा मधल्या कोर्विलिया स्टेशनपर्यंत दोऱ्यावरची रेल्वे आणि पुढे पिझ नायरपर्यंत केबल कार.

पिझ नायर ते खिंड हा 400 मीटरचा उतार सुट्या खडीचा आहे. मागचं चाक लॉक केलं की सायकल आडवी जाते आणि वाटेलाही घळी पडतात. पुढचा ब्रेक हलका पण सतत, मागचा जेमतेम, आणि नजर चार-पाच मीटर पुढे. जमत नसेल तर उतरून चालावं. त्यात कमीपणा नाही. खिंडीजवळ लेय सुव्रेत्ता नावाचं तळं आहे, तिथून पुढची वाट अरुंद पण घट्ट. ओढे ओलांडायचे, दगडांच्या पायऱ्या उतरायच्या, मग बेवेरीन नदीकाठचा कच्चा रस्ता लागतो आणि तो 1,815 मीटरवरच्या स्पिनास स्टेशनला नेतो. वरपासून मोजलं तर एका दमात 1,200 मीटर उतार. बर्निनाच्या अडीच पट.

एवढ्या उतरणीत ब्रेक हा खरा धोका. सतत दाबून ठेवले की रोटर (ब्रेकची चकती) तापतो, ऑर्गॅनिक (रेझिनच्या) पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लिव्हर ओढूनही सायकल थांबत नाही. वळणाआधी जोरात दाबावं, वळणात सोडावं, मध्ये ब्रेकला हवा लागू द्यावी. रोटर पुढे 200 मिलिमीटरच्या आसपास असावा आणि पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) असावेत. पॅडवरचा मसाला दीड मिलिमीटरहून कमी राहिला असेल तर निघण्यापूर्वीच बदलावेत.

टायरच्या हवेबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, की उंचीवर गेल्यावर टायर फुगतो म्हणून वर जाऊन हवा काढावी. सेंट मॉरिट्झहून पिझ नायरला जाताना बाहेरचा दाब सुमारे 0.1 बारने घटतो, म्हणजे टायर तेवढा कडक वाटायला हवा. पण 18 अंशांच्या खोलीत भरलेली हवा 5 अंशांत गेली की तिचा दाब जवळपास तेवढाच उतरतो. बेरीज शून्याच्या आसपास, काही करायची गरज नाही. 70-75 किलोच्या माणसाला 2.4 इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 1.5 आणि मागे 1.7 बार पुरतात. बर्निनाला मागे 1.9 ठेवावी, कारण चरांच्या चौकोनी कडांवर टायर दबून रिमपर्यंत जातो. टायरमध्ये भोक बुजवणारं सीलंट असलं तरी प्लग, एक ट्यूब आणि डेरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर पिशवीत हवाच. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी हँगर वाकतो, आणि त्याचा सुटा भाग प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो.

सुव्रेत्ताचीही खोट सांगायला हवी. मालोयाचा, म्हणजे दरीच्या वरच्या टोकाच्या खिंडीतला, वारा. इतर दऱ्यांत दुपारचा वारा दरीतून वर वाहतो, एंगाडिनमध्ये मात्र तो मालोयाकडून खाली, सामेदानच्या दिशेने येतो. बेवेरहून सेंट मॉरिट्झला परतायचं तर सात-आठ किलोमीटर, थोडी चढण, आणि सगळा वारा छातीवर. दमलेल्या पायांना हे नको होतं. पण बेवेरला गाडी मिळते, सायकलचं वेगळं तिकीट काढायचं, काही मिनिटांत सेंट मॉरिट्झ. या खोटीला उतारा आहे, पॅडलवाल्या खोटीला तसा नाही.

तरी बर्निना कुणी निवडावी? गटात एखादा नवखा असेल, आभाळाचा भरवसा नसेल, किंवा उंचीचा त्रास होत असेल, त्यांनी. लागाल्ब, दियावोलेत्सा, बर्निना सुओत, मॉर्तेराच अशी स्टेशनं ओळीने आहेत. कुठेही सोडून गाडीत बसता येतं. सुव्रेत्ता खिंड ते दरीचा तळ या पट्ट्यात आडोसा नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ नेहमीचं. तिथे पहिल्या केबल कारने निघून बाराच्या आत खिंड ओलांडायलाच हवी. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सावलीच्या बाजूला बर्फाचे पट्टे राहू शकतात, त्याची चौकशी आदल्या दिवशी करावी. बचावासाठी हेलिकॉप्टर सेवेचा क्रमांक 1414, आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक 112.

बर्निनाला जायचं ठरलं तर वर जाताना लाल रंगाची साधी प्रादेशिक गाडी पकडा. मोठ्या काचांच्या ‘बर्निना एक्सप्रेस’मध्ये सायकल घेत नाहीत. प्रादेशिक गाडीतही सायकलच्या जागा मोजक्या असतात. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी त्या लवकर भरतात, आणि पुढची गाडी तासाभराने. सकाळी लवकरची गाडी धरली तर जागाही मिळते आणि मॉर्तेराचपर्यंत वाटही बऱ्यापैकी मोकळी सापडते.